मोठ्यानं बोल, भुजंगा

धावड्यात भुजंगाबद्दल लोक म्हणत की, त्याच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा कोरड्या विहिरीतून घागर भरून आणणं सोपं. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. चार माणसं पारावर बसलेली दिसली की तो वाट बदलायचा, आणि वाट बदलता आली नाही तर रस्त्यावर काही हरवल्यासारखा खाली बघत निघून जायचा. शेळ्या राखत होता तेव्हा मात्र दिवसभर बोलायचा, शेळ्यांशी. त्या विकून बरीच वर्षं झाली. आता थोडी मका, थोडं सोयाबीन करायचा आणि संध्याकाळी ओट्यावर गप्प बसायचा.

त्याला एकच लेक, तृप्ती. तिची आई प्रेमला काविळीनं गेली तेव्हा तृप्ती अजून अंगावर पीत होती. भुजंगानं तिला चंद्री नावाच्या शेळीच्या दुधावर जगवलं. कापसाची वात दुधात बुडवायची आणि लेकराच्या ओठांत द्यायची, असं करत करत पोर मोठी झाली, चांगली टुणटुणीत झाली. पण गावाला काहीतरी लागतंच. शाळेतली पोरं तिला "शेळीची पोर, मे मे" म्हणून चिडवायची. ती घरी येऊन रडत नसे. ओट्यावर बसून काडीनं जमीन उकरत राहायची, आणि भुजंगाला तिला काय म्हणावं ते कधी सुचलं नाही.

तृप्तीला भुजंगाच्या थोरल्या बहिणीच्या घरीच दिली होती, वडीगोद्रीला. बहिणीचं नाव सगुणाबाई, तिचा मुलगा अंगद हा जावई. म्हणजे सगुणाबाई तृप्तीची आत्याही आणि सासूही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माहेरात बाईमाणूस नाही. मग सासूच सुनेचं बाळंतपण करायला सुनेच्या माहेरी आली, आणि ते तिचंही माहेरच असल्यानं आल्याआल्या तिनं चुलीपासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्याचा ताबा घेतला.

बाई मोठी कर्तबगार. पण कानानं अधू. एका कानानं बिलकुल ऐकू येत नसे, दुसऱ्यानं अर्धं. उरलेलं अर्धं ती स्वतःच्या मनानं भरायची, आणि एकदा भरलं की ते ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नाही.

तृप्तीचं शिझर झालं. मुलगी झाली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सगुणाबाईला समोर उभं केलं. वडीगोद्रीच्या पंचक्रोशीत तिनं कितीतरी बाळंतिणी चोळून दिल्या होत्या, आणि तिचा हात असा की बाळंतीण दुसऱ्या दिवशी दार लावून बसायची. डॉक्टर म्हणाले, "मावशी, पोटाची मालिश बिलकुल करायची नाही. टाके उसवतात. मागच्या महिन्यात एका सासूबाईंनी हेच करून पेशंट परत आणला." बाकीच्या बायका ऐकत होत्या. सगुणाबाईला त्यातलं 'मालिश बिलकुल नाही' एवढंच ऐकू आलं, आणि 'सासूबाईंनी' हा शब्द तर नको तेवढा ऐकू आला. अपमानानं तिचा चेहरा काळवंडला. ती तरातरा औषधं आणायला निघून गेली. अंगद गाडी बघायला गेला होता. तृप्तीला तर मघापासून गाढ झोप लागली होती. खाटेपाशी जागा उरला भुजंगा.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर प्रियदर्शनी असं नाव होतं, पण भुजंगानं ते वाचलं नाही, कारण तिकडं बघायची त्याची छाती नव्हती.

"आजोबा, सोबतच्या बाई कुठं गेल्या?"

"औषधाला."

"मग तुम्ही ऐका आणि त्यांना सांगा. शिझर झालं की दूध यायला थोडा उशीर लागतो, घाबरायचं नाही. ते आलं की छाती दगडासारखी होईल, बाळाला तोंडात धरता येणार नाही. तेव्हा पाजायच्या आधी कोमट फडक्यानं थोडं शेकायचं आणि हलक्या हातानं मालिश करायची. अशी." त्यांनी डाव्या हाताची मूठ वळली आणि तिच्यावर उजव्या हाताची बोटं गोल गोल फिरवून दाखवली. पुढं बरंच काही सांगितलं.

भुजंगा समोरच्या भिंतीवर लावलेलं लसीकरणाचं चित्र बघत राहिला. मान हलवत राहिला. कानशिलं गरम झाली होती. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. त्यामुळे शब्दन् शब्द आत गेला आणि भर बाजारात कुणी शिवी दिल्यावर ती जशी आयुष्यभर पाठ राहते, तसा पाठ होऊन बसला.

वाटेत आक्काला, म्हणजे सगुणाबाईला, सांगू म्हणाला, तर गाडीत ड्रायव्हर. घरी आल्यावर सांगू म्हणाला, तर शेजारच्या बायका बाळ बघायला आलेल्या. मग रात्र झाली. मग दुसरा दिवस. आणि आक्काला कानात सांगायची तर सोयच नव्हती. तिला काहीही सांगायचं म्हणजे आधी अर्ध्या आळीला सांगायचं.

इकडं तृप्तीची छाती भरून आली आणि खरंच दगड झाली. बाळ तोंड लावायचं, घसरायचं, लालबुंद होऊन रडायचं. सगुणाबाईनं हाळिवाची खीर घातली, शेपू घातला, बाजरीची भाकरी चुरून घातली, दृष्ट काढली. हात मात्र लावला नाही. "शिझरच्या बाईला दूध फुटत नसतंय," ती म्हणायची. "पोट कापून लेकरू काढलं, अंगाला कळलंच न्हाई बाळंत झाली म्हणून. ते दूध कसं उतरंल?"

"आत्या, उतरलंय गं. आतच अडकलंय," तृप्ती म्हणायची. "जरा हात तरी फिरव."

"न्हाई बाई! डॉक्टरनं चार बायांत माझी इज्जत काढली. मालिश बिलकुल न्हाई म्हणला. उद्या तुला काही झालं तर म्हणतील, सासूनं केलं."

तोवर बाळाला वाटी-चमच्यानं पावडरीचं दूध देऊन भागवलं होतं. पण एका सकाळी अंगद म्हणाला, "आई, मी भोकरदनला जाऊन मोठा डबा अन् बाटली घेऊन येतो. लेकराला उपाशी ठेवून कसं जमंल?" त्याचं चुकलं असं कुणी म्हणू शकलं नसतं. तो गाडीला किक मारून गेला.

तो गेल्यावर तृप्ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "माझीपण शेळीचीच पोर व्हायची."

हळूच म्हणाली. सगुणाबाईला ऐकू गेलं नाही. पण बाहेर ओट्यावर सुतळी वळत बसलेल्या भुजंगाला गेलं. त्याच्या हातातली सुतळी थांबली.

त्याच्या मनात आलं, पावडरीनं का लेकरं मरतात? आपली तर शेळीच्या दुधावर जगली. पण पोरीला पाजायचंय. तिला पाजता येईल अशी गोष्ट आपल्या पोटात आहे, आणि आपण ती दडवून बसलोय. बाटली आली, लेकराला बाटलीची सवय लागली, की मग सांगून काय उपयोग? जावयाला फोन करून सांगावं, तर ते याहून अवघड. पोरीला तोंडावर सांगावं, तर जीभ टाळूला चिकटते.

त्यानं बराच विचार केला आणि त्याला एक वाट दिसली. बाईबद्दल बोलता येत नसेल, तर शेळीबद्दल बोलता येईल. शेळीबद्दल बोलायला कुणाच्या बापाची लाज?

तो उठला आणि दारात, पण पाठ आत करून, उभा राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "आपल्या चंद्रीचं पिल्लू मेलं होतं, तव्हा तिची कास दगडावानी झाल्ती."

सगुणाबाई परातीत भाकरी थापत होती. "काय?"

"चंद्रीची कास!"

"कोणाची आस?"

"कास! शेळीची!"

"शेळी कुठंय आता? विकली न्हवं तू? का पुन्हा घेऊन राह्यला? भुजंगा, घरात बाळंतीण, अन् तुला शेळ्या सुचून राह्यल्या?"

"घेत न्हाई गं. तव्हाचं सांगतो. मी कोमट फडक्यानं शेकायचो. मंग हलका हात फिरवायचो. मंग पान्हा सुटायचा."

सगुणाबाईनं पिठाचे हात कमरेवर ठेवले. "मला नको सांगू. चंद्री तुला लाथा मारायची, मी बघितलंय. एकदा तर दुधाची चरवी सांडली अन् तू रडला."

आतून खाटेवरून बारीकसा आवाज आला. तृप्ती हसली होती. हसताना टाके ओढले गेले असावेत, कारण मागोमाग "आई गं" झालं. पण ती हसली होती हे नक्की.

"दादा," ती बापाला म्हणाली, "तुम्ही कोणाबद्दल बोलून राह्यले?"

भुजंगा दारातून ओट्याकडं सरकला.

"कोणी सांगितलं तुम्हाला? दवाखान्यात कोणी सांगितलं का?"

आता मात्र त्याला पळायला वाट राहिली नाही. तो ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिला आणि अंगणातल्या तुळशीला उद्देशून म्हणाला, "नर्सबाई म्हणल्या होत्या. मालिश करायची म्हणून."

"आत्या!" तृप्ती ओरडली. "नर्सबाईनं मालिश करायला सांगितलंय! दादाला!"

"दादाची मालिश?" सगुणाबाई म्हणाली. "त्याला काय धाड भरली?"

"माझी!"

"बिलकुल न्हाई! डॉक्टर म्हणला, मालिश न्हाई!"

"पोटाची!" भुजंगा म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, स्वतःच्या छातीत बोलल्यासारखा.

"मोठ्यानं बोल, भुजंगा! तोंडात काय मिठाची गुळणी धरली का?"

तेव्हा भुजंगानं डोळे मिटले, खांब घट्ट धरला आणि रानात लांडगा आल्यावर हाळी द्यावी तशी हाळी दिली. "डॉक्टरनं पोटाची न्हाई सांगितली, आक्का! पोटाची! छातीची करायची! नर्सबाईनं मला सांगितलंय, मालिश छातीची करायची!"

पलीकडच्या घरावरचे पारवे उडाले. रस्त्यानं म्हैस घेऊन चाललेला मच्छिंद्र थांबला. म्हैसही थांबली.

सगुणाबाई पिठाच्या हातांनी दारात आली. पहिल्यांदाच तिला सगळं बरोबर ऐकू आलं होतं. 

"अन् तू आज सांगून राह्यला?"

भुजंगानं ओट्यावरची सुतळी उचलली.

"लेकरू इतके दिवस रडून राह्यलं, पोर रडून राह्यली, अन् तू सुतळ्या वळतो?" तिनं हात उगारला. मारायला नव्हे, कपाळाला लावायला. कपाळ पांढरं झालं. मग तिचा आवाज उतरला. "मलाबी का कळू नये म्हणा. तो 'पोटाची' म्हणला असंल. मला त्याचा राग आल्ता, मी पुढं ऐकलंच न्हाई." आणि कानाचा दोष तिनं त्या रागावर ढकलून दिला. भुजंगानं ढकलू दिला.

तिनं हात धुतले, पाणी कोमट केलं, जुन्या लुगड्याचं मऊ फडकं काढलं. आत जाऊन दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आतून तृप्तीचं "आई आई आई" ऐकू आलं. सगुणाबाई दार किलकिलं करून बाहेर डोकावली. तिचा चेहरा पडला होता.

"भुजंगा, मला न्हाई जमायचं. माझा हात जड. पोरगी कळवळून राह्यली. शेकलं तवर बरं होतं, हात लावला की वरडती. नर्स कसा हात सांगत होती?"

"हलका."

"हलका म्हणजे कसा हलका? माझा हाच हलका हाये!"

भुजंगा विचारात पडला. नर्सबाईनं मुठीवर दाखवलेलं त्याला दिसत होतं, पण तो हात शब्दांत कसा आणावा? कोपऱ्यात डोंगराकडून आणलेली सीताफळं भुश्शात पिकत घातली होती. सगुणाबाई रोज ती चाचपून बघायची. डोळा उघडलेलं, तयार झालेलं फळ दाबलं की फुटतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"आक्का!" तो ओरडला. "सीताफळ पिकलं का बघती ना तू? तसा हात!"

सगुणाबाईनं स्वतःच्या बोटांकडं बघितलं. बोटं हवेतच थोडी हलली. "हां," ती म्हणाली. "मंग तसं सांग की रे," आणि आत गेली.

दार लोटलेलं, भुजंगा बाहेर. पण आता सुटका नव्हती. आतून तृप्तीच विचारू लागली, "दादा, पुढं काय म्हणल्या नर्सबाई?" तिच्या आवाजात लाज कुठं दिसेना. आणि ती लाजत नाही म्हटल्यावर आपण एकट्यानं किती लाजावं, असं भुजंगाला पहिल्यांदाच वाटलं. तिनं विचारायचं, त्यानं सांगायचं, तेही आक्काला ऐकू जाईल अशा आवाजात.

"काखेकडून सुरू करायचं! बोटांनी गोल गोल, बोंडाकडं यायचं! दाबायचं न्हाई!"

"मंग?"

"सगळ्या अंगानी करायचं! वरून, खालून, मधल्या अंगानी! मंग जरा पुढं वाकून हलवायचं! अन् बोंडामागचा काळा भाग दोन बोटांत धरून थोडं दूध काढून टाकायचं, म्हणजे तो भाग मऊ होतो, लेकराला धरता येतो!"

"टाके दुखतात हो दादा, लेकराला मांडीवर घेता येईना!"

"मांडीवर घ्यायचंच न्हाई! बाजारातून येताना गाठोडं काखेत मारतो, तसं लेकरू काखेत धरायचं! पाय पाठीकडं! टाक्यावर भार न्हाई पडत!"

मच्छिंद्र अजून रस्त्यावरच होता. "भुजंगा," तो म्हणाला, "आजवर तुझा आवाज मी ऐकलाच नव्हता गड्या." भुजंगाला त्याच्याकडं बघायची ताकद नव्हती. पण मच्छिंद्र हसत नव्हता. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तो थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला, "माझी सूनबी मागच्या महिन्यात बाळंत झाली. शिझरच. तिचं असंच झालं, अन् आम्ही सरळ बाटली लावली." मग म्हशीला हाकून चालू लागला.

त्याच वेळी अंगदची गाडी आली. हातात पिशवी, पिशवीत डबा. सासऱ्याला खांबाला धरून ओरडताना बघून त्याचा चेहरा पांढराफटक झाला.

"मामा, काय झालं? तृप्ती..."

"ठीक हाये. गप ऐक. तुलाबी कामाला येईल." एवढं एका दमात बोलून भुजंगा स्वतःच दचकला. मग आत ओरडला, "आक्का! अंग लाल झालंय का बघ! ताप हाये का बघ! असंल तर आत्ताच दवाखान्यात न्यायचं!"

"न्हाई, ताप न्हाई," आतून आक्का. "लाल बी न्हाई. थांब, आता बोलू नको."

अंगद पिशवी धरून दाराशी उभा राहिला. दोघं पुरुष शेजारी शेजारी, एकमेकांकडं न बघता, दाराच्या फळीकडं बघत. आत बाळ रडत होतं. रडणं तुटलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा तुटलं. भुजंगाला वाटलं, नाही होणार. आपण उशीर केला. नर्सबाईनं आणखी काही सांगितलं असेल आणि आपण चित्र बघत राहिलो असू. त्यानं मनातल्या मनात तिचे शब्द पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हणून बघितले. काही सुटलं नव्हतं. मग तो आपल्या हाताकडं बघत राहिला.

रडणं थांबलं. थांबलं ते पुन्हा सुरू झालंच नाही. त्या जागी एक बारीक आवाज होता. घुटुक, मग थोडी शांतता, मग घुटुक.

"मामा," अंगद कुजबुजला, "हे काय?"

भुजंगानं तो आवाज पूर्वी ऐकला होता, प्रेमला जिवंत असताना, याच घरात.  त्यानं नुसती मान हलवली.

"पीतंय!" आतून सगुणाबाई ओरडली. ती नेहमीच ओरडायची, पण हे ओरडणं वेगळं होतं. "पीतंय रे भुजंगा! पीतंय! अगं अगं, तृप्ते, ही दुसरी बाजू बघ! आपोआप गळून राह्यली! पान्हा सुटला! भुजंगा, वाया चाललंय, वाटी आण! जल्दी! वाटी उकळत्या पाण्यातून काढून आण!"

भुजंगा धावला. इतक्या वर्षांत तो या घरात धावला नव्हता. चुलीवर पाणी होतंच. घाईघाईत फडताळातून हाताला लागलं ते भांडं काढलं, उकळत्या पाण्यानं विसळलं, आणि मान पार मागं वळवून, डोळे भिंतीकडं करून, हात तेवढा दाराच्या फटीतून आत घातला.

 मग सगुणाबाईचा आवाज आला.

"अरे देवा! वाटी म्हणलं तर पातेलं आणलं! भुजंगा, डेअरीला घालायचंय का?"

आणि तृप्ती हसायला लागली, आणि हसता हसता "टाके, टाके, आत्या, हसवू नको" म्हणायला लागली, आणि तरी हसतच राहिली. अंगदलाही हसू आवरेना. भुजंगा पातेलं घेऊन परत चुलीकडं वळला, फडताळात वाटी शोधू लागला. घाईत भांड्यांचा मोठा आवाज होत होता.

"अन् त्या डब्याचं काय करू?" अंगदनं दारातून विचारलं.

"असू दे," तृप्ती आतून म्हणाली. "रात्री कमी पडलं तर देऊ वाटीनं. आता गप राहा, ती पीत हाये."